वीस अंशांचं गॅरेज

ग्रानसेले, २४ ऑगस्ट १९९७

रागनार,

ईस्टरनंतर तू फोन आपटलास तेव्हाच मी ठरवलं होतं की तुझ्याशी बोलायचं नाही. बोलत नाहीच आहे, लिहितेय. पत्रात निदान माझं वाक्य तुला मधेच तोडता येणार नाही.

काम एकच आहे. पप्पांच्या गॅरेजमध्ये ऊब राहील अशी सोय करायची आहे, आणि ती थंडी पडायच्या आत. तू माल्मोत जन्मभर लोकांच्या घरी पाइप आणि रेडिएटर बसवत आलास, तेव्हा सख्ख्या बहिणीला एक सल्ला द्यायला हरकत नसावी. गॅरेज तुझ्या पाहण्यातलं आहे. दोन गाड्या मावतील एवढं, खाली सिमेंट, भिंतींत जुना भुसा भरलेला, आणि मोठं दार म्हणजे नुसत्या फटी. मला तिथे वीस अंश हवेत. दिवसा हवेत आणि रात्रीही हवेत.

पप्पा हल्ली बराच वेळ तिथेच असतात. जुना ट्रॅक्टर उघडून बसलेत. मम्मा बरी आहे. घरी फोन करू नकोस, संध्याकाळी फोन वाजला की तिला त्रास होतो. शाळेच्या स्वयंपाकघरातून सुटले की मी रोज जातेच, त्यामुळे काळजीचं कारण नाही.

उत्तर लवकर पाठव आणि मुद्द्याचं पाठव.

सोल्वेग


माल्मो, ३ सप्टेंबर

सोल्वेग,

वीस अंश! गॅरेजमध्ये! अगं, माझ्या बैठकीच्या खोलीत एकोणीस असतात.

सल्ला मागितलास, तर घे. गाडीला पाच अंश पुरतात. ट्रॅक्टरला तेवढेही लागत नाहीत. लाकडाची शेगडी ठेवायचं मनात असेल तर ते आधी काढून टाक. पेट्रोलच्या वाफा असतात तिथे उघडा जाळ ठेवलास तर गॅरेजचं छप्पर आणि पप्पा बरोबरच वर जातील. रॉकेलवर चालणारा ब्लोअर असतो, पण त्याचा धूर खोलीतच राहतो. दार लावून बसलेल्या माणसाचं डोकं दुखायला लागतं, मग दुखायचं थांबतं, आणि पुन्हा कधीच दुखत नाही. विजेचा फॅन हीटर कुणीही बसवील, पण त्या फटीच्या दारातून तू अख्ख्या ग्रानसेलेला ऊब वाटत बसशील. हवेतून उष्णता ओढणारे पंप निघालेत, त्यांची फार चलती आहे, पण उणे तीसला तो पंप स्वतःच गारठतो. खरा उपाय म्हणजे घराच्या तळघरात जो लाकडाचा बंब आहे त्याचं गरम पाणी पाइपाने गॅरेजपर्यंत न्यायचं. पण त्यासाठी अंगण खणावं लागेल, आणि एका ट्रॅक्टरसाठी अंगण खणायला मी वेडा नाही.

आणि मूस कुठे टांगायचा, हे कळवलं नाहीस. आजोबांपासून आपल्या शिकारटोळीचं मूस हरीण त्याच गॅरेजच्या तुळईला लटकत आलंय. मांस मऊ व्हायला रोजचं तापमान मांडायचं, बेरीज चाळीसवर आली की उतरवून कापायचं, हे तुला अक्षरओळख व्हायच्या आधीपासून ठाऊक आहे. पाच अंशांत आठ दिवस लागतात. तुझ्या वीस अंशांत दोन दिवसांत चाळीस होतील, आणि तिसऱ्या दिवशी सगळी टोळी नाक धरून उभी असेल.

पाच अंश. त्याच्या वर एकही नाही.

रागनार


ग्रानसेले, १२ सप्टेंबर

रागनार,

विचारलं काय आणि सांगतोस काय! पाच अंश पुरतात का, हा माझा प्रश्नच नव्हता. वीस कसे आणायचे एवढंच विचारलं होतं.

पप्पा एकोणऐंशीचे आहेत. काल सकाळी मी गेले तेव्हा त्यांची बोटं निळी पडली होती आणि हातातला पाना सुटून खाली पडत होता. अजून तर सप्टेंबर आहे. नोव्हेंबरात काय होईल ते तुला तिकडे दक्षिणेत समुद्राकाठी बसून कळायचं नाही. दुरून डोंगर साजरे. 'मग त्यांना घरात बसायला सांग' असं लिहू नकोस, कारण ते सांगून झालंय. का बसत नाहीत, हेही विचारू नकोस.

अंगण खणायचं असेल तर जमीन गोठायच्या आत ये आणि खण. येणार नसशील तर मी फॅन हीटर आणते. बिल जास्त आलं तरी चालेल. आणि तुझा तो मूस! मेलेल्या जनावराला मानवत नाही म्हणून जिवंत माणसाने कुडकुडायचं, हा कुठला न्याय?

सोल्वेग


माल्मो, २१ सप्टेंबर

सोल्वेग,

आता सगळं लख्ख कळलं.

घटस्फोटानंतर तू त्या दोन खोल्यांत राहतेस. तिथे तुझा हातमाग उभा राहत नाही. पप्पांचं गॅरेज मोठं आहे, उजेडही छान येतो, आणि विणताना बोटं गार पडून चालत नाही. विणायला वीस अंश लागतातच. पप्पांच्या खांद्यावर बंदूक ठेवून गोळी झाडतेस आणि वर मलाच न्याय शिकवतेस! सरळ लिहिलं असतंस की मला जागा हवी, तर मी कदाचित हो म्हटलं असतं.

'का विचारू नकोस' म्हणे. ज्याला काही लपवायचं असतं तोच असं म्हणतो.

दहा ऑक्टोबरला शिकारीसाठी येतोय. गॅरेज थंड हवं. मूस आम्ही तिथेच टांगणार आहोत आणि पप्पाही तेच म्हणतील, खात्री आहे माझी.

रागनार


माल्मो, २० ऑक्टोबर

सोल्वेग,

तुझी भेट झाली नाही, किंवा तू होऊ दिली नाहीस. मम्माला फ्लू आहे, घरात येऊ नकोस, असा निरोप ठेवलास म्हणून मी टोळीबरोबर शिकारीच्या खोपटातच राहिलो. मम्माला खिडकीतून हात केला. तिनेही केला. चांगली हसत होती, फ्लू झालेल्या बाईसारखी मुळीच दिसत नव्हती.

मूस मिळाला. मोठा नर. तो घेऊन आम्ही गॅरेजचं दार उघडलं तर आत भट्टी! कोपऱ्यात तुझा तो फॅन हीटर घों-घों करत होता. टोळीतल्या सगळ्यांसमोर माझी मान खाली गेली. मी पप्पांना म्हटलं, हे काय चाललंय? ते म्हणाले, 'बरोबर आहे तुझं, मांस थंडच हवं.' एवढं बोलून त्यांनी स्वतः वायर काढली. बघ, त्यांना किती गरज आहे तुझ्या वीस अंशांची! तू पुन्हा लावू नयेस म्हणून मी हीटर उचलून खोपटात नेऊन ठेवला. रात्री बाहेर उणे चारपर्यंत जायचं, आत पाचच्या आसपास. अगदी हवं तसं. मांस असं मुरलंय की दात नसलेल्यानेही खावं.

तुझा वाटा फ्रीजरमध्ये ठेवलाय. खा आणि राग गिळ.

रागनार


ग्रानसेले, २३ ऑक्टोबर

रागनार,

माझा वाटा तूच ये आणि घेऊन जा. मी त्या मांसाला हात लावणार नाही.

पप्पा लिक्सेलेच्या रुग्णालयात आहेत. दोन्ही फुप्फुसांना न्यूमोनिया झालाय. तुझा मूस उतरवला त्याच दिवशी मी त्यांना घेऊन गेले. आता वाच, नीट वाच, कारण हे मी एकदाच लिहिणार आहे.

जूनपासून पप्पा गॅरेजमध्ये झोपतात. उन्हाळी टायरांच्या मागे घडीची खाट असते. तुम्ही आलात त्या दिवशी त्यांनी ती मिटून आत सारली, टोळीला कळू नये म्हणून. तू हीटर नेलास आणि मूस लटकत होता तितके दिवस ते त्याच्या शेजारी, अंगावर दोन कोट घालून, झोपले. मला शपथ घातली होती म्हणून मी काही बोलले नाही. आणि त्या आठवड्यात मम्माजवळ रात्रभर मीच होते. सकाळी त्यांच्याकडे गेले की ते बाहेर येऊन उभे राहायचे, मला आत येऊच द्यायचे नाहीत.

का, ते हवं होतं ना तुला? मम्मा त्यांना ओळखत नाही. सकाळी कधीकधी ओळखते. दुपार ढळली की ते तिच्या घरात शिरलेले कुणीतरी असतात. ती ओरडते, शेजाऱ्यांना हाका मारते, दाराला खुर्ची लावते. तुझ्या ईस्टरच्या दोन दिवसांत पप्पांनी तिला दोन्ही संध्याकाळी 'थकली आहे' म्हणून खोलीत ठेवली, आणि तुला पटलं. डॉक्टर म्हणतात, तिला वृद्धांच्या होममध्ये ठेवा. पप्पा म्हणाले, ती घरात राहील, मी बाहेर जातो. रोज पहाटे तळघराच्या बाहेरच्या दाराने जाऊन बंबात लाकडं घालतात, तिचं घर गरम करतात आणि परत गॅरेजमध्ये जाऊन बसतात.

तुला सांगायचं नाही, असं त्यांनी बजावलं होतं. 'रागनारला कळलं तर तो येईल आणि सगळं उरकून टाकील,' म्हणाले.

मी आता रजा काढून मम्माजवळ आहे. ती रोज दुपारी दोन कप कॉफी ओतते आणि लाकडांच्या खोपीकडच्या दाराशी उभी राहते. कुणासाठी म्हणून विचारलं तर माझ्यावरच खेकसते.

माझा हातमाग मी मार्चमध्येच विकला.

सोल्वेग


माल्मो, २८ ऑक्टोबर

सोल्वेग,

रुग्णालयात फोन केला. ताप उतरतोय म्हणाले. पप्पांनी फोनवर यायला नकार दिला.

मी जे केलं ते केलं. ते मला दिसतंय, तू पुन्हा दाखवायची गरज नाही. पण तू? पाच महिने! पाच महिने तू मला काही कळू दिलं नाहीस, वर 'मम्मा बरी आहे' म्हणून लिहिलंस. ती माझी आई नाही का? मी खिडकीतून हात केला आणि ती हसली, तेव्हा ती कुणाला हसत होती, सांग ना! एक ओळ लिहिली असतीस तर मी तो हीटर नेला नसता, माझा कोट काढून पप्पांना दिला असता. शपथेचं काय घेऊन बसलीस! म्हाताऱ्या माणसाने घातलेली शपथ पाळायची की त्याचा जीव वाचवायचा, एवढी अक्कल नको?

आता मी बोलतो ते ऐक. गॅरेज माणसांसाठी नसतं. कुठलाही हीटर लावला तरी ते गॅरेजच राहतं. मम्माला होममध्ये जागा मिळते का, ते मी विचारतोय. पप्पा घरी येतील, स्वतःच्या पलंगावर झोपतील. त्यांनी एवढी वर्षं ओंडक्यांचा ट्रक चालवून ते घर उभं केलंय ते टायरांमागे मरण्यासाठी नाही. तू रडशील, पप्पा चिडतील. चालेल मला. कुणीतरी वाईट व्हायलाच हवं.

रागनार


लिक्सेले, ४ नोव्हेंबर

सोल्वेग आणि रागनार,

हे एकच पत्र आहे. सोल्वेगने वाचावं आणि माल्मोला पाठवावं.

तुम्ही दोघांनी एकमेकांना काय काय लिहिलंत ते सोल्वेगने मला इथे आणून दिलं. वाचून ताप पुन्हा चढला. नर्सला वाटलं औषध लागू पडत नाही. मी तिला सांगितलं, औषध चांगलं आहे, मुलं वाईट आहेत.

एकाला वाटलं गॅरेज ट्रॅक्टरसाठी गरम करायचंय. मग वाटलं हातमागासाठी. दुसरीला वाटलं माझ्यासाठी. मला विचारलं कुणी? मी उणे पस्तीसमध्ये ट्रकखाली आडवा पडून साखळ्या लावल्या आहेत. मला दहा अंश पुष्कळ झाले. हा न्यूमोनिया माझ्या हट्टाने झाला, मुसाने नाही. रागनारने हीटर नेला तेव्हा तोंड उघडायला हवं होतं, ते मी उघडलं नाही. टोळीसमोर लाज वाटली.

आता ऐका. घरात मी तुमच्या आईला परका आहे. मेमध्ये जिन्यात मला पाहून तिने सुरी उचलली होती. तिचा दोष नाही. अनोळखी म्हातारा घरात हिंडताना दिसला तर तुम्हीही उचलाल. पण गॅरेजमध्ये मी परका नसतो. तिथे मी मिस्त्री असतो. मिस्त्री गॅरेजमध्ये दिसला तर त्यात घाबरण्यासारखं काय आहे? आणि कामावर आलेल्या माणसाला कॉफी द्यायची, हे तिला तिच्या आईने शिकवलंय. बाकी सगळं गेलं, ते गेलेलं नाही. रोज दुपारी, सोल्वेग शाळेत असते तेव्हा, ती घर आणि गॅरेज जोडणाऱ्या लाकडांच्या खोपीतून दोन कप घेऊन येते. एक मला, एक तिला. बसते आणि बोलते.

तिच्या नवऱ्याबद्दल सांगते मला. ट्रकवर असतो म्हणते, कधी घरी येईल नेम नाही, पण माणूस चांगला आहे. एवढ्या वर्षांच्या संसारात हे तिने माझ्या तोंडावर कधी सांगितलं नव्हतं.

ती येते ती घरातल्या सपाता आणि पातळ झगा घालून. कोट घाला म्हटलं तर रागावते, मिस्त्रीने आपल्याला शिकवू नये म्हणते. थंडी वाजली की उठून जाते. गेली की दुसऱ्या दुपारपर्यंत मला बायको नाही. म्हणून वीस अंश. कळलं?

फॅन हीटर नको. त्याच्या घों-घोंमध्ये तिला माझं ऐकू येत नाही आणि ती बोलायची थांबते. शेगडी नको, ती हात लावील. रॉकेलच्या वासाने तिला मळमळतं. पंप-बिंप नको. मला बंबाचं पाणी हवं. आवाज नाही, जाळ नाही, वास नाही. आणि त्यासाठी अंगण खणायचं काही कारण नाही. पाइप लाकडांच्या खोपीतून भिंतीभिंतीने न्यायचा. पाइपवाला शहाणा लहानपणापासून त्या खोपीतून धावत आला, पण हे त्याच्या डोक्यात आलं नाही.

होमचं नाव माझ्यासमोर काढायचं नाही. तुमची आई कॉफी घेऊन यायची थांबली की मग मला विचारा. टोळीने पुढच्या वर्षापासून मूस दुसरीकडे टांगावा. त्यांना रागवायचं असेल तर तुम्हा दोघांच्या मागे रांगेत उभं राहावं.

रागनार, सुट्टी काढून ये. कामाचे कपडे घालून ये. तिला मम्मा म्हणू नकोस, मिठी मारायला जाऊ नकोस. तू माझ्या हाताखालचा माणूस आहेस. कॉफी देईल ती मुकाट्याने प्यायची.

पप्पा


माल्मो, ३० नोव्हेंबर

सोल्वेग,

मी तुझ्यावर अजून रागावलेलोच आहे. तूही असशील. ते नाताळात बघू. पण तू शाळेत होतीस तेव्हा गॅरेजमध्ये जे झालं ते मला तिथे तुला सांगता आलं नाही, म्हणून लिहितोय.

काम कसं झालं ते तू पाहिलंसच. दोन मोठे रेडिएटर, खोपीतून भुशाच्या पेटीत बंदिस्त पाइप, दाराच्या फटी बुजवल्या. बाहेर उणे अठरा असताना आत वीस अंश आहेत आणि सुई पडली तरी ऐकू येते. पप्पा म्हणाले, 'बरं झालंय.' त्यांच्या तोंडून एवढं ऐकायला मला पन्नाशीचं व्हावं लागलं.

पहिले दोन दिवस मम्मा आली नाही. पप्पा घरी आल्यापासून ती एकदाही गॅरेजकडे फिरकली नव्हती, आणि खोपीत पाऊल वाजल्यासारखं वाटलं की त्यांचा हात थांबायचा. मला वाटलं, संपलं. माझ्या त्या मुसापायी संपलं.

तिसऱ्या दिवशी दुसरा रेडिएटर भिंतीला लावायचा होता. त्याचं एक टोक मी धरलं आणि दुसरं पप्पांनी. मी नको म्हटलं होतं, पण ऐकतील ते पप्पा कसले! तेवढ्यात दार उघडलं. मम्मा तीन कप ट्रेमध्ये घेऊन उभी. सपाता, तो पातळ झगा. तिने आमच्याकडे पाहिलं, ट्रे बाकावर आदळला, आणि जी सुरू झाली!

'लाज नाही वाटत? एवढा धडधाकट माणूस तू, आणि या म्हाताऱ्याला ओझं उचलायला लावतोस? आत्ताच आजारातून उठलाय तो! दिसत नाही तुला?'

मी तसाच, रेडिएटर हातात घेऊन. म्हटलं, 'चुकलं माझं, बाई.'

'चुकलं म्हणे! कुठला आहेस?'

'माल्मोचा.'

'तरीच. आई आहे का तुला?'

पप्पा खाली रेडिएटरच्या नटाकडे बघत होते. मी म्हटलं, 'आहे.'

'तिने काही शिकवलं नाही वाटतं.'

'शिकवलं होतं.'

'मग विसरलास कसा?' ती ओरडली. 'आईने शिकवलेलं माणूस विसरतो कसा?'

लहानपणी मी तळ्याच्या पातळ बर्फावर गेलो होतो तेव्हा ती अशीच ओरडली होती. तोच आवाज होता, सोल्वेग, तसूभरही बदललेला नाही. पप्पांच्या हातातलं टोक मी ओढून घेतलं आणि रेडिएटर एकट्याने भिंतीशी नेला. पाठीत अजून कळ आहे.

मग तिने पप्पांना खुर्चीवर बसवलं, त्यांच्या हातात कप दिला, गुडघ्यावर शाल टाकली. 'असल्या माणसाला कामावर ठेवू नका,' म्हणाली. पप्पा म्हणाले, 'शिकेल तो.' दुसरा कप घेऊन ती त्यांच्यासमोर बसली आणि नवऱ्याचं सांगू लागली. नवरा यंदा फार दिवस घरी आला नाही म्हणे, पण येईल. दोन तास बसली. तिला एकदाही थंडी वाजली नाही.

तिसरा कप मला मिळाला नाही. तोही तिनेच प्यायला, माझ्याकडे बघत, सावकाश. आपल्या दारी आलेल्या कामाच्या माणसाला तिने कधी कॉफीशिवाय ठेवलेलं तुला आठवतं? मला नाही आठवत.

नाताळात आठ दिवस राहायला येतोय. लाकडं मी फोडणार, बंब मी भरणार, पप्पांना कशालाही हात लावू देणार नाही. तो कप मला हवाय.

रागनार